अर्धा फेरा जास्त

दोन हजार चौदा साल. हिवाळा सरायला तीन आठवडे उरले होते आणि सकाळी लेथच्या लोखंडाला हात लावला की बोटं आखडत होती. ही हकिकत त्या दिवसांतली आहे. मी कॉम्प्युटर बोलतोय. लेथच्या वर्कशॉपमधला, काळ्या पत्र्याच्या पेटीचा.

आधीच सांगतो, मला कोणाची दया नको. आज मी मांडणीवर आहे. अंगावर जुनी चादर आहे. वर्षातून एकदोनदा जुनी ड्रॉइंगं काढायला मला खाली उतरवतात. तेव्हा मी पहिल्या झटक्यात सुरू होतो. माझ्या जागी आलेले दोघं भंगारात गेले. मी आहे.

मागणं एकच आहे, ते आत्ताच मागून घेतो. शेवटी मागत बसणं मला जमत नाही. बिघाड झाला की दोष कोणावर टाकायचा ते ठरवण्याआधी आपले हात एकदा बघावेत. बाकी काही नाही.

माझे भाग निरनिराळ्या कारखान्यांत तयार झाले, पण मला जुळवलं एका माणसानं, एका टेबलावर. त्याला गल्लीत सगळे डॉक्टर म्हणत. तो कुठली परीक्षा पास झालेला नव्हता. आधी रेडिओ दुरुस्त करायचा, मग टीव्ही, मग आम्ही आलो. बंद पडलेल्या वस्तूला कान लावून ऐकायची त्याला सवय होती, त्यावरून ते नाव पडलं.

डॉक्टरनं माझा मदरबोर्ड पेटीत बसवला. मदरबोर्ड म्हणजे आतली हिरवी पाटी, बाकी सगळं तिच्यावर बसतं. मग प्रोसेसरवर भलामोठा पंखा लावला, चार स्क्रूंचा. "लोखंडाच्या धुळीत राहायचंय तुला. तापशील," असं म्हणाला. मला म्हणाला की स्वतःला, कोण जाणे.

माझ्या पाटीवर रॅमसाठी दोन खाचा होत्या. रॅम म्हणजे माझी हाताशी ठेवलेली आठवण. काम चालू असताना जे पटकन लागतं ते मी तिथं ठेवतो. त्या वेळी रॅम एकच होती. डॉक्टरनं ती पहिल्या खाचेत घालून मला एक दिवस चालवलं. मग काढून दुसऱ्या खाचेत घातली आणि दुसरा दिवस चालवलं. मग परत पहिल्या खाचेत. दुसरी खाच रिकामीच राहणार होती. ती तपासायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पत्र्याच्या आतल्या अंगाला त्यानं कागद चिकटवला: 'दोन्ही खाचा तपासल्या. चांगल्या.' खाली तारीख आणि सही.

तो कागद अजून जागच्या जागी आहे.

मला विकत घेतलं ते मिस्त्रींनी. डॉक्टरच्या दुकानासमोर, गल्ली ओलांडली की त्यांचं वर्कशॉप. लोखंड फिरवत कापणारी एक लेथ, एक ड्रिल, एक ग्राइंडर, खिडकीशी एक टेबल. मागच्या दारानं आत गेलं की घर. मिस्त्रींची शाळा चौथीत सुटली. पण लोखंड किती झिजलंय हे ते नखानं सांगत, आणि मोजून पाहिलं तर तेवढंच निघे. त्यांच्या डाव्या हाताला करंगळी नव्हती. तरुणपणी ते एका कारखान्यात होते. तिथल्या यंत्राच्या झाकणाचा एक बोल्ट थरथरीनं सैल होत गेला आणि एक दिवस झाकण उघडलं. बोल्ट कसलेला होता. पुरेसा नव्हता.

तेव्हापासून त्यांचा नियम. स्क्रू हाताला घट्ट लागला की पुढे आणखी अर्धा फेरा. मग लाल पेन्सिलीनं एक बारीक रेघ, स्क्रूच्या डोक्यावरून खालच्या लोखंडावर जाणारी. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू हलला असं समजायचं. खोलातल्या बोल्टांसाठी त्यांनी एका लांब सळईला लाल पेन्सिल बांधून ठेवली होती. लेथला रेघा होत्या, खिडकीच्या बिजागऱ्यांना होत्या, दाराच्या कडीला होत्या. त्या घरात कुकरच्या दांड्यालाही लाल रेघ होती.

याला ते काम म्हणत नसत. हात धुण्याला कोणी काम म्हणतं का?

दुपारी चार वाजता मिस्त्री लेथ बंद करत. डॉक्टर दोन ग्लास चहा घेऊन गल्ली ओलांडून येई. दोघं उंबऱ्यावर बसत. फारसं बोलत नसत. एकोणीस वर्षं हे चाललं होतं. त्यातली शेवटची सहा मी पाहिली.

माझ्यावर काम करायची ती मिस्त्रींची सून. मुलगा जहाजावर नोकरीला, आठ-आठ महिने बाहेर. सून ड्रॉइंगचा कोर्स करून आली होती. आली तेव्हा मिस्त्री म्हणाले होते, "लोखंड हातानं मोजतात, पडद्यावर नाही." तिनं वाद घातला नाही. एकदा गिऱ्हाईकानं कागदावर चुकीचं माप लिहून आणलं. तिनं ड्रॉइंग काढलं आणि तो भाग तिथं बसणारच नाही हे कापण्याआधीच दाखवून दिलं. मिस्त्रींनी ड्रॉइंग पाहिलं, गिऱ्हाइकाकडे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी तिचं टेबल अंधाऱ्या कोपऱ्यातून उचलून खिडकीशी आणलं. शाबासकी म्हणून त्या घरात एवढंच मिळतं.

त्या हिवाळ्यात पाणीपुरवठा खात्याचं काम आलं. एक जुना पंप. बनवणारी कंपनी कधीच बंद झालेली. त्याचे चाळीस भाग मोजून, ड्रॉइंगं काढून नव्यानं बनवायचे होते. सून एकेक भाग जोडत गेली तसं ड्रॉइंग जड होत गेलं. मी अडलो नाही. हळू झालो.

"बाबा, रॅम वाढवायला हवी," सून म्हणाली.

"वाढव."

डॉक्टर आला. बंद डबी त्यानं तिच्यासमोर फोडली आणि नवी रॅम दुसऱ्या खाचेत बसवली. मला उघडलंच आहे तर म्हणून पंखा काढून साफ केला, खालची उष्णता ओढून घेणारी पेस्ट सुकली होती ती पुसून नवी लावली आणि पंखा परत बसवला. चार स्क्रू आलटूनपालटून, समोरासमोरचे, दोन बोटांनी. जिथं आपोआप थांबले तिथं सोडून दिले. पत्रा लावला. मिस्त्री लेथपाशी उभे राहून बघत होते.

डॉक्टर गेला. सून आत कुकर लावायला गेली. मिस्त्रींनी माझा पत्रा उघडला. मनात संशय वगैरे काही नव्हता. त्यांच्या घरात एक स्क्रू काढून परत लावला गेला होता, एवढंच. त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हर पंख्याच्या पात्यांमधून खाली घातला.

"नुसता टेकवलाय," ते पुटपुटले.

अर्धा फेरा. चारही स्क्रूंना. मग सळईची पेन्सिल खाली सोडून चार रेघा. पत्रा लावला, हात पुसले आणि लेथपाशी गेले. दोन मिनिटंही लागली नसतील. दुपारी जेवायला बसेपर्यंत ते विसरलेही होते.

माझी पाटी वाकली. फार नाही, केसभर. पण दुसरी खाच त्या पंख्याच्या लगतच होती. मी थंड असलो की रॅम खाचेत नीट टेके. तापलो की एका टोकाला सुटे.

माणसं म्हणतात, कॉम्प्युटर अडकला. मी अडकत नाही. मला एखादी गोष्ट आठवेनाशी होते. त्यापुढे जे सांगेन ते खोटं ठरेल, म्हणून मी थांबतो. खोटं माप देण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. हे मी कोणाकडून शिकलो ते माहीत नाही. त्या वर्कशॉपमधून उचललं असेल.

पहिले दोन तास मी उत्तम चाललो. अकराच्या सुमाराला थांबलो. दुसऱ्या दिवशी पडदा निळा करून थांबलो. तिसऱ्या दिवशी पंपाच्या मधल्या चक्राचं ड्रॉइंग, सुनेचं दीड दिवसाचं काम, माझ्याबरोबर गेलं.

थांबलेल्या यंत्राशी माणसं कशी वागतात ते मी जवळून पाहिलंय. आधी सभ्यपणे वाट बघतात. मग तेच बटण दहा वेळा दाबतात, जणू नऊ वेळा ऐकू आलं नसेल. मग विनवतात. मग वायर उपटतात.

"एक ठेवून दे त्याला," मागून मिस्त्री म्हणाले.

"बाबा, हा कॉम्प्युटर आहे, लेथ नाही."

"लेथवर मी कधी हात उचलला नाही. लेथ असं वागत नाही."

डॉक्टरला बोलावलं. जे नवीन लावलंय तेच आधी बघायचं, ही त्याची पद्धत. त्यानं नवी रॅम काढली, तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवला, फुंकर मारली, परत बसवली. पंख्याकडे त्यानं पाहिलं. पण वरून पंखाच दिसतो. स्क्रू खाली पात्यांच्या आड असतात.

"मिस्त्री," तो उठता उठता म्हणाला, "मी गेल्यावर हा कोणी उघडला होता का? कोणी हात लावला?"

"नाही."

मिस्त्री खोटं बोलले नव्हते. त्यांना आठवलंच नाही. सकाळी हात धुतले होते का, असं कोणी विचारलं तर आठवतं का? मला आठवत होतं. पण मला विचारलं नव्हतं.

डॉक्टर मला दुकानात घेऊन गेला. दोन दिवस मी त्याच्या टेबलावर आडवा पडून होतो. पत्रा उघडा, वर छताचा पंखा, लोखंडाची धूळ नाही, उन्हाची तिरीप नाही. दोन दिवस मी एकदाही थांबलो नाही. सासरी कण्हत असलेलं माणूस माहेरी येऊन खडखडीत बरं व्हावं, तसं झालं. डॉक्टरनं नवी रॅम दुसऱ्या एका मशीनमध्येही दिवसभर तपासली. चूक निघाली नाही. त्यानं मला परत पाठवलं.

परत आलो त्या दिवशी दुपारी बारा वाजता मी थांबलो. सुनेनं कपाळावर हात ठेवला. पंप सुरू करायची तारीख ठरलेली होती. चाळीसपैकी पाच भाग अजून काढायचे होते.

मिस्त्रींनी वायरी काढल्या. मी गरम होतो. त्यांनी मला तसंच छातीशी धरून उचललं आणि गल्ली ओलांडली.

दुकानात दोघंजण होते. फोटो स्टुडिओवाला प्रिंटरची शाई घ्यायला आलेला. शिवणक्लासच्या बाई मुलीचा लॅपटॉप घेऊन बसलेल्या. मिस्त्रींनी मला काउंटरवर आदळलं नाही. यंत्र ते आदळत नाहीत. पण आवाज चढवला.

"तुझ्याकडे दोन दिवस चालतो आणि माझ्याकडे दोन तास. मी काय समजायचं?"

"बसा मिस्त्री. परत बघतो."

"किती वेळा बघशील?"

"सापडेपर्यंत," डॉक्टर म्हणाला. "रागावू नका, पण परत विचारतो. हा कोणी उघडला होता का? कोणी हात लावला होता?"

"एकदा नाही म्हणून सांगितलं ना?"

"सांगितलंत. पण रॅम चांगली आहे. मी दोन ठिकाणी तपासली. मग दुसरं काहीतरी—"

"म्हणजे खोटं मी बोलतोय?"

"तसं कुठं म्हणालो मी?"

"मग ऐक. वापरलेला माल नव्या डबीत घालून दिलास मला. एकोणीस वर्षं माझ्या उंबऱ्यावर बसलास आणि मलाच. लबाड आहेस तू."

स्टुडिओवाला नेहमी कोणाचं काही चाललं की मध्ये तोंड घालतो. तो शाईच्या डबीवरचं वाचत राहिला. शिवणक्लासच्या बाईंनी मांडीवरचा लॅपटॉप मिटला.

डॉक्टरनं मला आपल्याकडे ओढलं. माझा पत्रा उघडला, नवी रॅम काढली, तिच्या डबीत ठेवली आणि डबी खणात ठेवली. पैसे परत दिले. मग आतल्या बाजूचा तो कागद, स्वतःच्या सहीचा, क्षणभर पाहिला आणि पत्रा लावला.

"जुनी रॅम आहे तशी आहे. न्या," तो म्हणाला.

एकट्या जुन्या रॅमवर मी घरी आलो आणि नीट चाललो. हळू, पण न थांबता. ती पहिल्या खाचेत होती आणि त्या बाजूला ओढ पोहोचत नव्हती.

"बघ," मिस्त्री सुनेला म्हणाले. "तो तुकडा काढला आणि चालला. आणखी काय पुरावा हवा?"

यापेक्षा चांगला पुरावा मीही देऊ शकलो नसतो. पुरावा खरा होता. त्यातून काढलेला अर्थ चुकला होता.

चार वाजता लेथ बंद होईना. मिस्त्री सहापर्यंत सलग काम करू लागले.

वर्कशॉपमध्ये लोक लोखंड घेऊन येतात आणि बातम्या टाकून जातात. आठवड्याभरात मला सगळं कळलं. स्टुडिओवाल्यानं पहिल्या दिवशी गंमत केली, "काय डॉक्टर, डबी नवी की माल नवा?" दुसऱ्यांदा तो शाई घ्यायला मोठ्या बाजारात गेला. शिवणक्लासच्या बाईंनी लॅपटॉप परत नेला, दुरुस्त न करताच. नवीन माणसं दुकानात येत आणि सील बघून मगच पैसे काढत. डॉक्टर प्रत्येक डबी काउंटरवर ठेवून म्हणे, "तुम्हीच फोडा." दुसरं काही म्हणत नसे. मिस्त्री काय म्हणाले, हे त्याच्या तोंडून कोणी ऐकलं नाही. मिस्त्रींच्या शब्दाला गल्लीत वजन होतं. ते वजन आता त्याच्या दुकानावर पडलं होतं.

जुन्या रॅमवर पंपाचं ड्रॉइंग उघडेना. सून मोठ्या बाजारात गेली आणि दुसऱ्या दुकानातून नवी रॅम घेऊन आली. ती तिनंच दुसऱ्या खाचेत बसवली. मी साडेअकराला थांबलो.

मिस्त्री लेथवरून म्हणाले, "बाजारातलाही लबाड निघाला."

सून उठली. तिनं वही काढली. पानावर दोन रकाने आखले, कुठली रॅम आणि कुठली खाच. मग तीन दिवस मला राबवलं. बाजारातली नवी रॅम एकटी, पहिल्या खाचेत. दिवसभर चाललो. जुनी रॅम एकटी, पहिल्या खाचेत. चाललो. मग तिनं ते केलं जे करायचं आजवर कोणाच्या मनात आलं नव्हतं. जिच्यावर कोणाचा संशय नव्हता ती जुनी रॅम दुसऱ्या खाचेत घातली. दहा वाजून चाळीस मिनिटांनी मी थांबलो.

तिनं लेथ बंद करायला लावलं.

"बाबा, रॅम कुठलीही असू दे. या खाचेत घातली की थांबतो. दोष रॅममध्ये नाही. खाचेत आहे."

"म्हणजे त्यानं खाचच खराब दिली."

"नाही दिली." तिनं पत्रा उलटा करून त्यांच्यासमोर धरला. "हे वाचा."

मिस्त्रींनी चष्मा लावला. दोन ओळी वाचायला त्यांना वेळ लागला. सही मात्र त्यांनी लगेच ओळखली.

"तेव्हा चांगली होती," सून म्हणाली. "नंतर बिघडली. कशानं, ते कळत नाही. खाच कुठं वाकडी झालीय का, तेवढं बघू का?"

तिनं दोन्ही रॅम काढल्या. मिस्त्रींच्या खणातली पोलादी फूटपट्टी घेतली आणि दुसऱ्या खाचेच्या लांबीवर धारेवर उभी धरली. मागून टॉर्च लावला. सपाटी अशीच बघतात. पृष्ठभाग सपाट असेल तर पट्टीखालून उजेड येत नाही. तिला हे शिकवलं कोणी, तर मिस्त्रींनी.

"तशी नाही धरायची," मिस्त्री म्हणाले. त्यांना राहवलं नाही. "आण इकडे."

त्यांनी फूटपट्टी घेतली, एक डोळा मिटला. पट्टीखाली एका टोकाला उजेडाची बारीक चीर होती.

"वाकलीय," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा आनंदच होता. दोष सापडल्याचा आनंद, कारागिराला होतो तो. त्यांनी पट्टी पहिल्या खाचेवर ठेवली. उजेड नाही. परत दुसरीवर. "इकडून ओढ आहे. पंख्याकडून. कोणीतरी हे जास्त कस—"

तिथंच थांबले. वाक्य अर्धं राहिलं.

मी त्यांना सहा वर्षं ओळखत होतो. बोलता बोलता थांबलेले मी त्यांना पाहिले नव्हते. थांबायची सवय माझी.

त्यांनी सुनेच्या हातातून टॉर्च घेतला आणि पंख्याच्या पात्यांमधून आत धरला. बराच वेळ वाकून बघत राहिले. एकच स्क्रू बघायला इतका वेळ लागत नाही. त्यांनी चारही बघितले.

"काय दिसतंय, बाबा?"

त्यांनी टॉर्च तिला दिला. तिनं वाकून पाहिलं.

"लाल रेघ आहे," ती हळूच म्हणाली.

"माझी आहे. दुसऱ्या कोणाची असणार?"

वर्कशॉपमध्ये काहीच चालू नव्हतं. खिडकीतून गल्ली दिसत होती आणि पलीकडे डॉक्टरचं दुकान. काउंटरपाशी कोणी नव्हतं.

"डॉक्टरकाकांनी दोनदा विचारलं होतं, बाबा," सून म्हणाली.

"माहीत आहे मला."

त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हर आणला. एक स्क्रू अर्धा फेरा मागे. मग त्याच्या समोरचा. मग उरलेले दोन. डॉक्टरनं लावले होते त्याच पद्धतीनं, आलटूनपालटून. म्हणजे तेव्हा लेथपाशी उभं राहून त्यांनी नीट पाहिलं होतं. दोन बोटांत धरून शेवटचा स्क्रू सोडताना त्यांचा हात थोडा रेंगाळला. चाळीस वर्षांची सवय, सुटताना जड जाते. मग सळईला फडकं गुंडाळून त्यांनी चारही रेघा पुसल्या.

पाटी लगेच सरळ झाली नाही. रात्रभर थंड होऊ दिली. सकाळी पट्टीखालचा उजेड गेला होता. दोन्ही रॅम बसवल्या. पत्रा बंद करून, लेथशेजारी, उन्हाच्या तिरिपेत मला तीन दिवस चालवलं. मी थांबलो नाही. चाळिसावा भाग तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पूर्ण झाला.

"कॉम्प्युटर नीट झाला, बाबा," सून म्हणाली.

"हं."

"डॉक्टरकाकांचं काय?"

"बघतो मी."

"कधी?"

"तपासून झालं की."

"कॉम्प्युटर तर तपासून झाला."

मिस्त्रींनी तिच्याकडे रोखून पाहिलं. तिनं नजर खाली घेतली नाही. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा. मिस्त्रींनीच मग खिडकीकडे तोंड केलं.

"बाजारातली रॅम काढ याच्यातून," ते म्हणाले. "परत देऊन ये."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सकाळी अंघोळ करून धुतलेला सदरा घातला. कामाच्या दिवशी ते असं करत नाहीत. आधी फोटो स्टुडिओत गेले. मग शिवणक्लासमध्ये. दोन्ही ठिकाणी एकच वाक्य बोलले असं मला नंतर कळलं: "पाच मिनिटं डॉक्टरच्या दुकानात या." कारण सांगितलं नाही. शिवणक्लासच्या बाई घाबरल्या. त्यांना वाटलं, आता मारामारी होणार. म्हणून सुई-दोरा हातात तसाच घेऊन आल्या. स्टुडिओवाल्यालाही तेच वाटलं. म्हणून तो धावत आला.

मग मिस्त्रींनी मला उचललं. या खेपेला मी थंड होतो. गल्ली ओलांडली. सून मागे वायरी घेऊन.

डॉक्टर एका रेडिओला कान लावून बसला होता. अलीकडे त्याच्याकडे परत रेडिओच येत होते. त्यानं मान वर केली. आधी आम्हाला पाहिलं, मग त्या दोघांना. उठला नाही.

मिस्त्रींनी मला काउंटरवर ठेवलं. त्या दिवशी ठेवलं होतं त्याच जागी. पत्रा उघडला. मग सरळ उभे राहिले.

"डॉक्टर, तो प्रश्न परत विचार."

"कोणता?"

"दोनदा विचारलास तो. मी उत्तर चुकीचं दिलं होतं. विचार."

"जाऊ द्या, मिस्त्री," डॉक्टर म्हणाला.

"जाऊ द्यायचं असतं तर यांना बोलावलं नसतं. विचार म्हणतो ना."

डॉक्टरनं रेडिओ बाजूला ठेवला.

"मी गेल्यावर हा कोणी उघडला होता का? कोणी हात लावला होता?"

"मी," मिस्त्री म्हणाले. मोठ्यांदा म्हणाले, बाहेर रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या. "चारही स्क्रू अर्धा-अर्धा फेरा जास्त कसले. पाटी वाकली. तुझी रॅम नवी होती, चांगली होती. या दोघांसमोर मी तुला लबाड म्हणालो. ते खोटं होतं."

डॉक्टरनं खण उघडला. डबी तिथंच होती, ठेवली होती तशी. त्यानं ती कोणाला विकली नव्हती. तिच्यातली रॅम काढून माझ्या दुसऱ्या खाचेत बसवली. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या टक् करून मिटल्या.